वाळूवर पसरलेला दसरा

लोहाऱ्याला एसटीतून उतरलो तेव्हा पाऊस उघडून आभाळ स्वच्छ झालं होतं आणि रस्त्याकडेचा तरवड पिवळाधमक फुलला होता. अशा दिवसांत माणसानं सुखानं हिंडावं. पण मी जन्माचा काळजीखोर, त्यात थोरल्या बहिणीचा निरोप आलेला : "नदीतली वाळू चाललीय, येऊन जा."

जीपमध्ये दाटीवाटीनं बसून अक्काच्या गावी पोचलो. तिनं गरम भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. मी जेवता जेवता वाळूचाच विचार करत होतो. दुष्काळात याच वाळूतल्या झिऱ्यानं (वाळू उकरून केलेल्या पाण्याच्या खड्ड्यानं) गाव जगवलं होतं. वाळू गेल्यावर पाणी थांबणार कशात?

सकाळी अक्काबरोबर नदीवर गेलो. बायका दसरा काढत होत्या (नवरात्राआधी घरातली सगळी पांघरुणं धूत होत्या). वरच्या अंगाला झिरा, खालच्या अंगाला धुणं, हा जुना रिवाज. यंदा गोधड्या मात्र नेहमीच्या खडकांवर नव्हत्या. ट्रक उतरतो त्या वाटेवरच, काठापासून पाण्यापर्यंत अंथरल्या होत्या.

सोसायटीच्या गोदामासाठी वाळू न्यायला ट्रक आला.

"अक्का, गोधड्या उचला की जरा," ड्रायव्हर म्हणाला.

"देवीसाटी धुतल्यात," माझी बहीण म्हणाली. " वल्ल्या हायत. घालतुस चाक त्यावरनं?"

त्यानं कानाला हात लावला. "न्हाय बाबा! माझ्या घरीबी घट बसत्यात. वाळल्यावर येतो."

ट्रक गेला. बायका हसल्या. मला मात्र हसू येईना. ऊन कडक होतं आणि दुपारपर्यंत गोधड्या पापडासारख्या वाळल्या.

"अक्का, आता गं?"

तिनं घागर भरली आणि वाळलेल्या गोधडीवर उपडी केली. तिचं बघून बाकीच्याही उठल्या.

पण वाटेच्या कडेला एक पट्टा उघडा राहिला होता, चाक जाईल एवढा. माझी नजर तिथून हलेना. शेवटी अक्काच्या घरी जाऊन माझी सोलापुरी चादर आणली.

"आरं, धुतलेलीच हाय की ती!" अक्का म्हणाली.

मी ती पाण्यात बुडवली, पिळली नाही, आणि त्या पट्ट्यावर पसरली.

दुसऱ्या दिवशी सोलापुरात माझ्या घरी पोचलो. नळ वाहत होता. तो आधी बंद केला. घट बसल्यावर धुणी उचलावीच लागणार, मग पुढं काय, हा घोर काही सुटत नव्हता.

बायकोनं पिशवी उपसली. "चादर विसरलात ना तिकडं?"

"नाही," मी म्हणालो. "अजून ओली आहे."