करंगळीची साक्ष

गल्लीत त्यांना सगळे ब्रेकमामा म्हणत. इंजिन, रंग, पत्र्याचं काम कुणीही करो, ब्रेक आणि क्लच मात्र मामांकडे. सगळी मदार त्यांच्या उजव्या करंगळीवर. सिलिंडर खोलून पुसला की आत करंगळी फिरवायची. डोळ्याला न दिसणारा चरा तिला लागे. चरा राहिला तर कितीही नवी रबरं घाला, तेल झिरपणार, आणि एखाद्या उतारावर पेडल पायाखालून थेट तळाला जाणार.

आज समोर उभी होती लेकीची जीप. लेक डोंगरात जमिनी मोजायची. भंगारातून उचललेली, मामांहूनही म्हातारी ही गाडी तिचा जीव की प्राण. उद्या ती घेऊन तिला खाणीचा उतार उतरायचा होता.

मामांनी क्लचचा सिलिंडर खोलला, ब्रेकचा खोलला. करंगळी फिरवली. गुळगुळीत. परत फिरवली. लोण्यासारखा. इतक्या जुन्या लोखंडात एकही चरा नाही? सिलिंडर चांगला होता, की करंगळीच मेली होती?

कारण गेल्या थंडीपासून बोटं बधिर होत चालली होती. शर्टाची बटणं आरशात बघून लावावी लागत. मामा कुणाला काही बोलले नव्हते. ब्रेकवाल्याचा हात गेला म्हटल्यावर मागे उरतं काय? पण मध्यंतरी शाळेच्या व्हॅनचे ब्रेक त्यांनी याच बोटांनी केले होते. रोज सकाळी कोपऱ्यावर ती व्हॅन थांबल्याचा आवाज येईपर्यंत त्यांच्या हातातला पाना हलत नसे.

त्यांनी मुकाट्याने नवी रबरं चढवली, ब्रेक ऑइल भरलं आणि गाडीखाली सरपटले. नळीतली हवा काढायला पेडल दाबायचं, म्हणून लेक सीटवर बसली.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

"सोडलं. बाबा, पेडल दगडासारखं झालंय. या बाहेर, एक चक्कर मारून आणते."

गाडीच्या तळाला गंजून भोक पडलं होतं. त्यातून मामांना लेकीची टाच दिसत होती. तेवढीच. उद्या तो पाय याच पेडलवर असणार होता.

"उतर खाली," ते म्हणाले. "परत खोलतो."

"का पण? एकच काम दोनदा केलेलं कधी बघितलं नाही तुम्हाला."

"आता बघ. उतर."

मामी चहा घेऊन आल्या, तेव्हा ब्रेकचा सिलिंडर पुन्हा फडक्यावर आडवा होता.

"अगं, जरा करंगळी घाल यात."

"मी? आजवर पान्याला हात लावू दिला नाहीत, म्हणे हरवशील."

"घाल म्हणतो ना."

तो सूर ऐकून मामींनी ट्रे खाली ठेवला. डोळे मिटून त्यांनी बोट सावकाश फिरवलं. मध्येच थांबल्या.

"इथे. कपाला केसभर तडा गेला की ओठाला लागतो ना, तसं."

मामांनी बोट घातलं. लोणीच. लेकीने घातलं आणि काढलंच नाही पटकन.

"वाटलंच होतं मला," मामी म्हणाल्या. "परवा चुलीवरचं पातेलं नुसत्या हाताने उचललंत, आणि चटका न बसल्यासारखं वर मलाच विचारलंत, झाकण कुठंय."

"बाबा, कधीपासून?"

"थंडीपासून."

"म्हणजे ती व्हॅन..."

"त्यानंतरची."

कुणी चहाला हात लावला नाही. व्हॅनवाला मागच्याच गल्लीत राहायचा. शाळा सुटायला अजून वेळ होता.

"त्याला काय सांगू?" मामांनी विचारलं. "हात गेला म्हणून सांगू?"

"काहीही सांगा, पण आधी व्हॅनची किल्ली काढून घ्या." मामींनी बोट फडक्याला पुसलं आणि पायात चपला सरकवल्या. "त्या सिलिंडरमध्ये बोट घालायला मी आहे."

मामा झपाझप चालू लागले. कोपऱ्यावर मामींनी त्यांची बोटं हातात धरली. मामांना ते खाली पाहिल्यावर कळलं.