एकवीस आलं तरी बँक नाही

माझे थोरले दीर माणिकराव यांनी जन्मात एकच काम मन लावून केलं. चिटगुप्प्याच्या क्लबात दर शनिवारी दुपारी तीन वाजता पत्ते वाटले. बाकी तहसिलीतली कारकुनी होती, ती सगळेच करतात तशी केली.

हा गृहस्थ निजामाच्या उर्दूत तयार झालेला. छप्पन्न साली आमचा बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि कारकुनांना कानडीची परीक्षा द्यावी लागली. भावजी दोनदा नापास झाले आणि शेवटी वयाची सूट घेऊन सुटले. "डाव चालू असताना सरकारनं नियम बदलला," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नात, बारशात आणि एकदा तेराव्यालाही ऐकलंय. ते ध्यानात ठेवा.

क्लब म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. मध्ये खांद्याएवढी भिंत. अलीकडे वाचनालय, तिथं हायस्कुलात शिकवून झाल्यावर दर शनिवारी मी बायकांना पुस्तकं द्यायला बसत असे. पलीकडे पत्ते. खेळ एकविसाचा. एकानं वाटायचं, तो बँक. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे. राजा, राणी, गुलाम दहाचे, एक्का एकाचा किंवा अकराचा. हवा तर आणखी पत्ता मागायचा. एकविसाच्या जवळ जाईल तो जिंकला, पुढे गेला तो मेला. सरकारी नोकर असल्यामुळे पैशांऐवजी चिंचोके. आणि मुख्य नियम असा की, पहिल्या दोन पत्त्यांत ज्याला एकवीस येईल त्याच्याकडे बँक जायची. हा नियम भावजींनीच सिकंदराबादहून आणला होता. "साहेब लोक असंच खेळतात," म्हणायचे.

बासष्ट साली ग्यानबा सभासद झाला. कमठाण्याचा, बांधकाम खात्यात ओव्हरसीयर, डिप्लोमावाला. घरच्यांनी सत्तावन्न साली बौद्ध धर्म घेतलेला. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती, कायदा होता. मग भावजींनी युक्ती काढली. ग्यानबाचा डाव झाला की त्याचे पत्ते शिपाई बाबूलालनं उचलायचे, पिसायचे आणि भावजींपुढे ठेवायचे. बाबूलालच्या हातातून गेले की पत्ते कोरे! इतकी स्वस्त शुद्धी मी दुसरीकडे पाहिली नाही.

ग्यानबाला हे दिसत नव्हतं असं नाही. पण रस्त्यांच्या कामांतून सवड मिळेल तेव्हा, वर्षातून चार-दोन शनिवार, तो येत राहिला. एकदा पुस्तक परत करायला आला तेव्हा मी सरळ विचारलं, "कामून येता हो इथं?"

"बाई," तो म्हणाला, "एकदा बँक घ्यायचीय. मी वाटणार आन् हे घेणार. तेवढं झालं की बास."

एवढीच त्याची मागणी. ती पुरी व्हायला एकच गोष्ट हवी होती, दोन पत्ते.

ते एकाहत्तर साली आले. मी भिंतीअलीकडून ग्यानबाचा आवाज ऐकला. "एकवीस, रावसाब. एक्का आन् राजा."

मग ईरण्णाचा आवाज आला. हा सरकीचा व्यापारी, ग्यानबाच्या मागून सभासद झालेला, तोंडाचा मोकळा. "वा रे ग्यानबाण्णा! द्या की रावसाब कॅट तिकडं."

"थांबा जरा," भावजी म्हणाले. "ते जुनं झालं. आपले इंजिनियर काठमांडूला जाऊन आलेत. तिथं कसिनोत ह्यालाच ब्लॅकजॅक म्हणतात. तिथं बँक कुणाकडं जात न्हाई. वाटणारा एकच."

"आपण कुठं बसलोय, चिटगुप्प्यात का काठमांडूत?"

"खेळ तोच हाय, ईरण्णा."

"मग गेल्या शनवारी मला एकवीस आलं तवा बँक कामून दिलीत?"

"गेल्या शनवारी हे कळलं नव्हतं."

इंजिनियर काठमांडूहून येऊन सात महिने झाले होते. तेही तिथंच बसले होते. सुपारी कातरत राहिले. मीही अलीकडे कपाटाच्या काचा पुसत राहिले, म्हणून मला त्यांना फार नावं ठेवता येत नाहीत. ग्यानबा मात्र ओरडला नाही. त्यानं खिशातून वही काढली, खडीची मापं लिहायला असते तसली, आणि म्हणाला, "हरकत न्हाई. नियम सांगा, लिहून घेतो. खाली सही करा."

भावजींना सही करायला फार आवडे. केली. 'एकवीस आले तरी बँक मिळणार नाही. बँक सेक्रेटरीची.' सेक्रेटरी तेच होते, हे सांगायला नकोच.

पुढे एकोणऐंशी साली नवी पोरं सेक्रेटरीची निवडणूक मागू लागली. झाला नियम जुना! आता बँक सर्वांत जुन्या सभासदाची. सर्वांत जुने भावजीच. मग ईरण्णा मुद्दाम अडीचलाच येऊन बँकेच्या खुर्चीत बसू लागला, तेव्हा आणखी शेपूट जोडलं: जुना सभासद तीनच्या ठोक्याला हजर नसेल तर हजर असलेल्यांतल्या जुन्याची बँक, आणि एकदा घेतलेली बँक संध्याकाळपर्यंत हलायची नाही. ग्यानबानं लिहून घेतलं. भावजींनी झोकात सही केली.

माणसाला आपणच खणलेला खड्डा दिसत नाही तो असा. मधल्या वर्षांत जुने सभासद कुणी गेले, कुणी बदलीवर गेले, इंजिनियर गुलबर्ग्याला मुलाकडे राहायला गेले. भावजींच्या मागचा नंबर कुणाचा आहे, हे त्यांनी कधी मोजलंच नाही. मोजण्यासारखा माणूस त्यांना तिथं दिसतच नव्हता.

चौऱ्याऐंशीच्या माघात ते डोळे दाखवायला बीदरला गेले. येताना हळ्ळीखेडजवळ बसचं चाक बसलं. क्लबात पोचले तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. बँकेच्या खुर्चीत ग्यानबा, केस पिकलेले, कॅट हातात.

"ऊठ," भावजी म्हणाले.

"बसा रावसाब. तुमचे पत्ते वाटतो."

"ती माझी जागा हाय."

ग्यानबानं वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. भावजींना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं. पण सही ओळखू आली असावी.

"हे नियम आता बदलायला पाहिजेत," ते म्हणाले.

"बदला की!" ईरण्णा म्हणाला. "संध्याकाळी. तवर खेळा."

ग्यानबानं वाटायला घेतलं. ईरण्णानं हात पुढे करून थेट त्याच्या हातातूनच पत्ते घेतले. असं कुणी करत नाही, मुद्दाम केलं. बाकीच्यांनी उचलले. भावजींच्या पुढ्यात दोन पत्ते पालथे पडले. या वेळी मी उठून भिंतीशी उभी राहिले. भावजींचा हात टेबलापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मग त्यांनी छत्री उचलली आणि चालते झाले. चौसष्ट वर्षांचा माणूस, दोन पुठ्ठ्यांना भ्याला.

ईरण्णानं ते पत्ते उलटवले. एक्का आणि राणी.

"एकवीस!" तो हसत सुटला. "अरे, बोलवा रे त्यांना. बँक मिळाली की त्यांची त्यांना!"

"न्हाई अण्णा," ग्यानबा म्हणाला. "एकवीस आलं तरी बँक मिळत न्हाई. एकाहत्तरचा नियम हाय, अजून कुणी खोडला न्हाई." आणि त्यानं दोन्ही पत्ते स्वतःच्या हातानं उचलून कॅटात घातले. बाबूलाल दाराशी बसून होता, त्याला कुणी बोलावलं नाही.

भावजी पुढे पाच वर्षं जगले. क्लबात पाऊल टाकलं नाही. घरी आल्यागेल्याला सांगायचे, "तिथं आता नियमानं खेळणारी माणसं राहिली न्हाईत." मी चहा ठेवायला आत जात असे.