परक्यांचा वर्ग, आपला मुलूख

जालना स्टेशनवर ती मंडळी पॅसेंजरमधून उतरली, तेव्हा मला पहिला धक्का बसला तो त्यांच्या प्राध्यापक बाईंचा. पन्नाशीच्या त्या बाई आपली पेटी स्वतः उचलून उतरल्या आणि मागून एक विद्यार्थी ओरडला, "हेलन, तुझी टोपी राहिली!" प्राध्यापकाला नावाने हाक! मी दचकून बाजूला उभ्या असलेल्या जोशी सरांकडे पाहिले. सर आम्हाला इंग्रजी शिकवतात. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितले.

ही कॅनडातल्या एका विद्यापीठाची मंडळी होती, हेलनबाई धरून सात जण. तिकडे म्हणे अशी पद्धत आहे, की सुट्टीत प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन परदेशी जातात, काही आठवडे तिथल्या लोकांत राहतात आणि त्याचे परीक्षेसारखे गुण मिळतात. फिरल्याबद्दल गुण मिळतात हे माझ्या वडिलांना सांगितले असते, तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच.

या मंडळींबरोबर परतूर-आष्टीकडे दुभाषी म्हणून जाण्यासाठी सरांनी माझे नाव सुचवले होते. "उत्तम, तुझं इंग्रजी काही फार चांगलं नाही," ते म्हणाले होते, "पण तू लाजत लाजत हळू बोलतोस. त्यांना हळू बोललेलंच समजतं." गाडीत चढताना त्यांनी मला जवळ ओढले. "आणि नको ते सांगत बसू नकोस. आपलं बरं दिसलं पाहिजे."

परतूरच्या गाडीत लाकडी बाकांवर हेलनबाईंचा वर्ग सुरू झाला. चालत्या गाडीत वर्ग भरू शकतो, हा दुसरा धक्का. त्या म्हणाल्या, "आजपासून उत्तम तुमचा शिक्षक. काही समजलं नाही, तर तो काय करतो ते पाहा आणि तसंच करा." आम्ही सगळे तेव्हा केळी खात होतो. संकोचाने मी साल खिडकीबाहेर टाकली. टॉम नावाच्या धिप्पाड मुलाने लगेच विचारले, "सर, साल बाहेर टाकायची का?" मी उत्तर द्यायच्या आत सातही साली खिडक्यांतून उडाल्या होत्या.

सर! आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी सर म्हटले. पुढे ते सगळेच म्हणू लागले. खरे सांगतो, मला ते फार आवडले. माझे गाव अंबडकडचे. परतूरच्या बाजूला मला कुणी ओळखत नव्हते. या मुलखात मी कुणाचा कोण हे कुणी विचारणार नाही, परक्या मंडळींचा दुभाषी एवढीच माझी ओळख राहील, असे मनाशी धरून मी खिडकीबाहेरचे ज्वारीचे हिरवे पट्टे त्यांना दाखवत होतो.

परतूरहून एसटीने आष्टीला पोचलो तो बाजाराचा दिवस होता. मिरची, गूळ, दोरखंड, शेळ्या असे सगळे सोडून बाजार आमच्याकडेच पाहू लागला. जूडी नावाच्या मुलीने माझे पाहून भज्यांबरोबरची तळलेली हिरवी मिरची आख्खी तोंडात टाकली आणि तिचे डोळे असे वाहू लागले, की भजीवालीने घाबरून तिच्या हातात गुळाचा खडा ठेवला. शेजारच्या कापडाच्या दुकानातले चाचा हसत बाहेर आले.

"क्यों बेटा, ये लोगां इधर क्या कू आए?"

"शिकायला आलेत, चाचा."

"इधर? हमारे छोकरे तो सीखने कू इधर से भागतें!"

मी हे भाषांतर करून सांगितले. हेलनबाई इतक्या मोठ्याने हसल्या, की चाचांनी सगळ्यांना बसायला सतरंजी टाकली. मला वाटले, हे काम मला जमते आहे.

आष्टीहून दोन बैलगाड्यांतून आम्ही आत एका गावाला गेलो. त्या गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. गावातले मोठे शेतकरी नाना यांच्याकडे आमची जेवणाची सोय होती आणि झोपायला शाळा. नाना उंच, शांत, बोलायला गोड. त्यांनी आम्हाला ढाळजेत (दरवाजालगतच्या बैठकीत) बसवले.

"या, या. बिलकुल संकोच करू नका म्हनावं. आपलंच घर हाय." मग माझ्याकडे वळून, "तुमचं गाव कोन्तं?"

"अंबडकडचं."

"असं असं. आन आडनाव?"

मी सांगितले. नाना नुसते "हं" म्हणाले. त्या हुंकारात राग नव्हता. ते उठून आत गेले, काही सांगून परत आले. मला कुणी ऊठ म्हटले नाही. पण माझे मीच कधी सरकलो आणि खालच्या पायरीवर जाऊन बसलो, ते मलाही कळले नाही.

टॉमला मात्र कळले. तो माझ्याकडे पाहून ढाळजेतून उतरला आणि पायरीवर बसला. मग जूडी. मग एकेक करून सगळे, शेवटी हेलनबाईसुद्धा. भल्या मोठ्या ढाळजेत नाना एकटे लोडाला टेकून बसलेले आणि आम्ही सगळे खाली.

"आरं, वर बसा म्हनावं त्यांना!" नाना कासावीस होऊन म्हणाले.

मी सांगितले. जूडी म्हणाली, "सर खाली बसलेत, आम्ही कसे वर बसू?"

चहा आला. त्यांच्यासाठी निळ्या फुलांच्या कपबशा, हैद्राबादहून आणलेल्या. माझ्यासाठी गड्याने बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यातून एक कान तुटलेला कप काढला, झटकला आणि मी तो खाली धरल्यावर वरून चहा ओतला. आमच्या धर्मांतराला तेव्हा बरीच वर्षे झाली होती. घरात बुद्धाची तसबीर होती, मी तर त्यानंतरच्या वातावरणात वाढलेलो. जालन्याच्या हॉटेलात मी सगळ्यांच्याच कपातून चहा पीत होतो. असा कप असतो हे मला माहीत नव्हते असे नाही, पण तो त्या दिवशी, त्या मंडळींसमोर माझ्या हातात येईल असे वाटले नव्हते. चहा संपवून मी उठलो. गड्याने उंचावरून पाणी ओतले, मी कप विसळला आणि कोनाड्यात पालथा घातला.

वळून पाहतो तो माझ्यामागे रांग लागलेली.

टॉमने आपली निळी कपबशी गड्यापुढे धरली. गडी बिचारा गोंधळून पाणी ओतत राहिला. एकामागून एक सगळ्यांनी कपबशा विसळल्या आणि त्या कोनाड्यात, माझ्या कपाला लगटून, नीट पालथ्या मांडल्या. जागा पुरेना, तेव्हा जूडीने माझा कप उचलून एका निळ्या बशीत ठेवला.

दारात नानांच्या घरच्या काकू उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात धरला. "आगं माय माय! माज्या समद्या कपबशा!"

हेलनबाई हळूच मला म्हणाल्या, "आमचं काही चुकलं का?"

नाना म्हणाले, "सांग त्यांना, आमच्यात पाव्हन्यानं भांडं घासायचं नसतंय म्हनावं."

दोन्हीकडचे लोक माझ्या तोंडाकडे पाहत होते. एका वाक्यात सगळे सांगता आले असते. पण ते वाक्य बोललो, की माझे ‘सर’ असणे संपणार होते. कीव करण्याचा एक विषय होऊन बसणार होतो मी. मी म्हणालो, "इकडे पाहुणा आपला कप आपण धुतो. नाना केवळ सौजन्याने नको म्हणताहेत."

"किती छान!" जूडी म्हणाली.

संध्याकाळी आतून काकूंचा आवाज ऐकू आला, "पानं कमी पडली तर पडू द्या, पन ताटं काढू नका गं!" सगळ्यांना पळसाच्या पत्रावळींवर वाढले गेले, म्हणजे धुवायला काही उरणारच नाही. भाकरी, वांगी आणि येसर (भाजलेल्या डाळींचे पीठ लावून केलेली झणझणीत आमटी) खाऊन मंडळी खूश झाली. हे मला नंतर कळले, कारण नानांनी माझ्या जेवणाचा निरोप गावाबाहेरच्या आमच्या लोकांच्या वस्तीत पाठवला होता. मी मंडळींना म्हणालो, पोट बिघडले आहे, आज जेवत नाही.

वस्तीत गयाबाईकडे पान वाढले होते. गयाबाई म्हणजे नानांच्याच शेतावर कामाला जाणारी, माझ्या आईच्या वयाची बाई.

"त्या गोऱ्यान्ला काय सांगून आलास?"

"पोट दुखतंय म्हणून."

"मंग खाय आता, पोट दुखंस्तवर," ती म्हणाली आणि आणखी एक भाकरी ताटात टाकली. मला हसू आले.

सकाळी शाळेच्या कडुलिंबाखाली हेलनबाईंनी वर्ग घेतला. नाना आणि गावातली पाच-सहा मंडळी ऐकायला आली होती. बाई म्हणाल्या, प्रत्येकाने या गावाकडून काय घेतले ते यजमानांना सांगावे, उत्तम ते मराठीत सांगेल. टॉमने बैलगाडी सांगितली, कुणी भाकरी सांगितली. मग जूडी उठली. म्हणाली, "आमच्याकडे पाहुणा बसून राहतो आणि घरातली बाई त्याची भांडी धुते. इथे थोर-लहान सगळे आपला कप धुऊन एकाच कोनाड्यात ठेवतात. इतकी समानता मी कुठेच पाहिली नाही. ही रीत मी माझ्या घरी नेणार आहे."

ती माझ्याकडे पाहून हसली आणि भाषांतराची वाट पाहू लागली.

"काय म्हंती रं पोरगी?" नानांनी विचारले.

मी उभाच राहिलो. खोटे मी बोललो होतो, पण ते आता सात जण सात घरी नेणार होते, आणि वर त्याला आमच्या मुलखाचे नाव देणार होते.  मी इंग्रजीत म्हणालो, "ती रीत नाही. तो कोनाडा माझ्यासारख्यांसाठी आहे. माझ्या जातीला आतली भांडी चालत नाहीत, म्हणून मी कप धुतला. काल माझं पोट दुखत नव्हतं."

मला वाटले होते, त्यांना माझी दया येईल. जूडीचा चेहरा लाल झाला.

"मग तू आम्हाला का सांगितलं नाहीस? आम्ही तुझ्याकडे बघून सगळं करत होतो. तू आम्हाला खोटं शिकवलंस!"

तिला नानांचा नाही, माझा राग आला होता. एवढा धक्का मला तोपर्यंत कशानेच बसला नव्हता. मी म्हणालो, "मला वाटलं, तुम्ही मला सर म्हणायचं बंद कराल."

 नाना म्हणाले, "तू काय बोललास ते मलाबी सांग. बराबर तेवढंच."

मी तेवढेच सांगितले. नानांनी बाकीच्या गावकऱ्यांकडे पाहिले.

"परक्यापुढं काढायची गोष्ट व्हती का ही?"

"आपल्यांपुढं काढायला जागा कुठं होती, नाना?" हे माझ्या तोंडून गेले. माझा आवाज मलाच परका वाटला.

नाना उठले. ओरडले नाहीत. "आष्टीपातूर गाड्या जुंपायला सांगतो," एवढे बोलून निघून गेले. याचा अर्थ मला भाषांतर करून सांगावा लागला नाही.

हेलनबाई म्हणाल्या, "काल तू जिथे जेवलास, तिथे आम्हाला जाता येईल का? विचारून ये, त्यांची इच्छा असेल तरच."

गयाबाई चुलीपुढे होती. तिने सगळे ऐकून घेतले. सकाळची बातमी तिच्यापर्यंत आधीच आली होती. "आन त्यान्ला, चार भाकरी जास्ती थापते. पन आधी त्यान्ला इचार, आमच्या हातचं चालतंय का. मागून आमच्या नावानं बोंब नको."

मी तो प्रश्न जसाच्या तसा मंडळींना सांगितला. जूडी आ वासून माझ्याकडे बघत राहिली. वस्तीत पोचताच ती सरळ चुलीजवळ बसली, तिने हात पुढे केला आणि तव्यावरच्या भाकरीनेच तिची बोटे पोळली.

"आगं, दमानं! सारी तुमचीच हाय," गयाबाई म्हणाली.

सगळे पोटभर जेवले. निघताना गयाबाईने मला एकट्याला थांबवले. तिचा आवाज खाली आला होता.

"पोरा, बोललास ते खरंच बोललास. पन तू आज जाशील, ह्येबी जातील. आमाला हितंच ऱ्हायचंय. ज्वारी काढायला नानाच्याच रानात जायचंय."

 सकाळपासून मी स्वतःला फार धीराचा समजत होतो.

परतीच्या गाडीत वर्ग भरला नाही. परतूर सुटल्यावर कितीतरी वेळाने जूडी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "उत्तम, त्या बाईंचं आता काय होईल?" तिने मला सर म्हटले नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही, कारण तोच प्रश्न माझ्याही डोक्यात होता. मी म्हणालो, "माहीत नाही. पाहून येईन."

जालन्याला जोशी सर फलाटावर आले होते. "काय, बरं दिसलं ना सगळं?" मी सरांना झाले ते सगळे सांगितले.  ते रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. मंडळी दोन दिवसांनी त्यांच्या देशी निघून गेली.

ज्वारी काढणीला आली तेव्हा मी एकटाच पुन्हा त्या गावाला गेलो. गयाबाई रानातून येत होती, डोक्यावर कडब्याची पेंढी.

"आलास व्हय? काम चालू हाय माजं. मानसं लागतेत नानाला, कुनाला काढतेत? पन दोन आठवडे न्हाई बोलावलं. ते मी काढले."

ते दोन आठवडे तिने कसे काढले, हे मी विचारू शकलो नाही. प्रवासाला आलेला माणूस खरे बोलून गाडीत बसू शकतो आणि त्या खऱ्याचे ओझे तिथेच राहणाऱ्याने वाहायचे असते. परदेशी मंडळींच्या वागण्यापेक्षा, त्या कपापेक्षा, मला हादरवून गेले ते हे. मी त्या दिवशी गप्प राहायला हवे होते, असे मला आजही वाटत नाही. पण बोलून निघून येणे पुरेसे नव्हते.

म्हणून आष्टीची एसटी धरून मी त्या गावाला अजूनही जातो.