हिस्केचा अंगठा

हॉलंडच्या हार्लिंगन बंदरात, कोळंबी सोलायच्या शेडमध्ये आम्ही बायका दिवसभर उभ्या. स्टुलांसाठी मी मालकाशी भांडले, तेव्हा माझ्या बाजूने पहिला हात वर केला हिस्केने. तिच्या नवऱ्याचे, वुब्बेचे पाय सुजायला लागले होते. सुजेचा तिने धसकाच घेतला होता.

वुब्बेचं हृदय कमजोर. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. हिस्केने घरातलं मीठ फेकलं, आणि बिचाऱ्याच्या तोंडाला चव हवी म्हणून ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांची बरणी उशाशी ठेवली. आमच्याकडे मीठ घातलेल्या खाऱ्याही मिळतात, पण या गोड होत्या. आमच्याकडे शेंबड्या पोरापासून पाद्र्यापर्यंत सगळे त्या चघळतात, पण त्याला कुणी खाणं म्हणत नाही. डॉक्टरांनी आहार विचारला, वुब्बेने बटाटे, पाव, मासे सांगितले. खोटं कुठे बोलला?

तो गेल्यावर एका नर्सने बरणी ओळखली. ज्येष्ठमध अंगात मीठ-पाणी धरून ठेवतो, म्हणाली. मग मी पुस्तकं उपसली. केसाहून बारीक रक्तवाहिन्या मुळातच झिरपतात. दाबाने पाणी बाहेर मांसात जातं, रक्तातली प्रथिनं त्याला आवरतात, झिरपलेलं पाणी दुसऱ्या वाटेने फिरून रक्तात येतं. मीठ-पाणी साचून दाब वाढला की जाणारं जास्त, परतणारं कमी. माणूस आतून भरत जातो.

त्यानंतर हिस्के न्याहारीला बसली की वर वुब्बेच्या खोलीत बरणीचं झाकण वाजायचं. बरणी तर तिने कधीच फोडली होती.

आणि मग तिच्या थोरल्या बहिणीचे, आफ्केचे पाय सुजले. हिस्केने तिच्या नडगीत अंगठा रुतवला. खळगा तसाच राहिला.

"गोळ्या बंद कर, ताई."

"आईने जन्मभर खाल्ल्या."

"वुब्बेनेही खाल्ल्या."

"नवऱ्याला चारल्यास तू, आणि उपाशी मी मरू?"

हिस्के रोज सकाळी जाऊन आफ्केच्या दारात बसू लागली. शेवटी आफ्केच वैतागली. "घे गं बाई, ने ती बरणी. दाराशी भूत बसल्यासारखी बसतेस."

काही आठवड्यांनी हिस्केने माझ्यासमोर पुन्हा अंगठा दाबला. मांस लगेच वर आलं. आफ्के हसली, "झालं समाधान?"

हिस्केने अंगठा उचलला, पुन्हा दाबला, पुन्हा. खळगा राहतच नव्हता.

"म्हणजे तोही वाचला असता," ती म्हणाली.

मी म्हटलं, त्याचं हृदयच वेगळं होतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.