बारवेतला दगड आणि नणंदेचा पेपर

लातूर जिल्हा नवा झाला आणि माझ्या नवऱ्याला तिथल्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली. आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. धाकटी नणंद नांदेडला वसतिगृहात राहून एम.ए. करत होती. शनिवारी ती एस.टी.ने आमच्याकडे यायची आणि मी भाकरी थापत असताना चुलीजवळ बसून आठवड्याचं सगळं सांगायची.

तिला एक पेपर होता, लिहिण्याचा इतिहास. माणूस लिहायला कधी लागला, कशावर लागला, कशाने लागला. मला आधी ते खरंच वाटेना. लिहिण्याला कसला इतिहास? पाटीवर पेन्सिल ओढली की झालं. मी चौथीपर्यंत तेवढंच केलं होतं. पण ती सांगायची आणि माझा हात थांबायचा. कुठे लांबच्या देशात ओल्या मातीच्या वड्यांवर काडीने टोचून लिहायचे म्हणे. खाली दक्षिणेत ताडाच्या पानावर लिहायचे, तिथे आडवी रेघ ओढली की पान चिरतं, म्हणून तिकडची अक्षरं गोल गोल झाली.

"वैनी, भाकर करपली," ती म्हणायची.

"तू सांग पुढं," मी म्हणायचे.

वर्गात ती एकटी मुलगी होती. पोरं चिडवायची, "ह्या पेपरवर नोकरी लागती का ओ ताई? दगड वाचायची नोकरी?" ती हसण्यावारी न्यायची, पण घरी येऊन तेच पुन्हा पुन्हा सांगायची. कारण हाच प्रश्न माझ्या सासऱ्यांचाही होता. देगलूरकडचं एक स्थळ आलेलं होतं. सासरे स्वभावाने वाईट नव्हते. स्वतः कधी शाळेत गेले नाहीत, पण बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून लेकरांच्या शाळेचा दिवस त्यांनी चुकवू दिला नव्हता. त्या वर्षीच्या दुष्काळात मात्र त्यांचा धीर सुटला. त्यांनी सरळ सांगितलं, "ह्या वर्षी एक बी पेपर गेला, तर सामान बांधायचं. मी येतो न्यायला."

आणि नेमक्या त्याच पेपरात सरांनी काम दिलं. आपापल्या भागातला, आजवर कुणी न टिपलेला एक लिहिलेला दगड शोधायचा आणि त्याचा कागदावर ठसा आणायचा. सर तिला म्हणाले होते, तुमचा जिल्हा नवा झाला, पण त्यातली गावं जुनी आहेत, ती कुणी वाचायची? ठसा नसेल तर पेपरात नापास.

दगड दुष्काळानेच दिला. आमचं गाव रेणापूरकडचं. गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, त्या उन्हाळ्यात तळापर्यंत आटली आणि अगदी खालच्या पायरीशी अक्षरं कोरलेला दगड उघडा पडला. नवऱ्याने कचेरीत ऐकून येऊन सांगितलं. रविवारी मी आणि नणंद गेलो.

त्या बारवेत मी कधी उतरले नव्हते. सासूबाई तर वर काठावर घागर ठेवून, कुणी ओतील का म्हणून उभ्या राहायच्या. पाणीच नव्हतं म्हणून कुणी आम्हाला अडवलं नाही. नणंद भराभर उतरली. मी पदर धरून एकेक पायरी. तिने दगडावर हात फिरवला आणि लहान पोरीसारखी ओरडली, "वैनी, सहा ओळी हायत!"

वर बाया जमल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय हाय ग त्यात? ती म्हणाली, "लई जुनं हाय. लई मोलाचं. कुणी फोडू नका, नीट जपा. मी पुढल्या रविवारी कागद घेऊन येते."

पुढच्या रविवारी आम्ही कागद, शाई आणि दाट केसांचा कुंचला घेऊन गेलो. खाली उतरलो आणि नणंद मटकन पायरीवर बसली. दगड वरपासून खालपर्यंत शेंदराने माखला होता. तेलात कालवलेला दाट शेंदूर, वर हळदकुंकू, पुढे दोन वाळकी फुलं. गावाने दगड जपला होता.

"मी जपा म्हणले," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "देव करा म्हणले न्हाई."

दगडाजवळ एक म्हातारी बसली होती. जमीनजुमला असलेल्या घरची, विधवा. सगळा गाव तिला थोरली आत्या म्हणायचा. ती म्हणाली, "गावात जपायचं म्हंजे आणिक कसं असतंय ग? कोरा ठेवला असता तर पोरांनी फोडून चूल मांडली असती."

नणंदेने तिला समजावलं. ठसा घ्यायचा म्हणजे ओला कागद दगडावर चिकटवून कुंचल्याने ठोकायचा, तो अक्षरांच्या खोबणीत बसला की वरून शाई लावायची. तेलावर कागद चिकटत नाही, सरकतो. उद्या नांदेडला ठसा द्यायचा आहे.

"न्हाई दिला तर?"

नणंदेआधी मीच म्हणाले, "न्हाई दिला तर शाळा सुटती तिची. मामंजी देगलूरला देऊन टाकतेत."

वर काठावरून एक माणूस ओरडला, "हात लावू नका त्याला! देव बसलाय आता. तुमच्यात देव मानत न्हाईत, म्हणून काय आमचा पुसता व्हय?"

मी नणंदेचा दंड धरला. चल म्हणाले, निघू इथून. पण म्हातारी उठली आणि मान वर करून म्हणाली, "नारळ फोडलास का रं तू?"

"न्हाई."

"पुजारी आणलास?"

"न्हाई."

"मंग कुठला देव बसवलास? शेंदूर मी लावला, मीच पुसते. तू टँकर बघ जा, तुझी बायकू एकटीच लायनीत हाय."

वरच्या बाया फिदीफिदी हसल्या. तो माणूस पुटपुटत गेला. म्हातारीने दगडाला हात जोडले. "बाबा, लेकीची परीक्षा हाय. जरासक सरक." मग सुनेला हाक मारून चुलीतली राख मागवली आणि अर्धी कळशी पाणी. त्या दिवसांत अर्धी कळशी म्हणजे काय, ते मला माहीत होतं. तिने राख चोळली, वरून नारळाच्या काथ्याने घासलं आणि कळशीकडे बोट करून मला म्हणाली, "ओत."

मी तशीच उभी राहिले. त्यांच्या घरच्या कळशीला आमच्या घरातलं कुणी शिवलेलं नव्हतं.

"ओत की ग. बघून काय राहिलीस? मला दोनच हात हायत."

मी ओतलं. काही झालं नाही. पाणी लाल होऊन पायरीवरून खाली गेलं.

खालच्या पाच ओळी स्वच्छ निघाल्या. वरच्या ओळीत शेंदूर खोल बसला होता, तो निघेना. नणंदेने कागद ठोकला, शाई लावली, आणि वाळल्यावर सोलून काढला तेव्हा काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली होती. वरती मात्र नुसता तांबूस डाग.

दुसऱ्या दिवशी गुंडाळी सांभाळायला मी तिच्यासोबत नांदेडला गेले. सासरेही आले. पेपर गेला तर सामान बांधायचं होतं. ते व्हरांड्यात बसले. मला नणंदेने मागच्या बाकावर बसवलं. पोरांनी आणलेले ठसे धड होते. तिचा उघडला तसं कुणीतरी म्हणालं, "ताईंनी दगडाला कुंकू लावलं का?" सगळे हसले. सरांनी विचारलं, पहिली ओळ कुठे आहे? तिने झालेलं सगळं सांगितलं, जपा म्हणाल्यापासून राखेपर्यंत.

सरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरून ओळी मोजल्या. मग म्हणाले, "पाच ओळी वाचता येतात. पहिली का आली नाही, तेही टिपणात लिहा. पुढे कुणी तो दगड बघायला गेला, तर त्याला कळायला हवं." आणि त्यांनी तिच्या नावापुढे खूण केली.

बाहेर सासरे उठून उभे होते. "काय झालं?"

"घेतला बाबा. झाला पेपर."

सासऱ्यांनी तिला वसतिगृहाच्या दारापर्यंत सोडलं आणि आम्ही दोघं लातूरच्या गाडीत बसलो. लोह्यापर्यंत ते खिडकीबाहेर करपलेली रानं बघत होते. मग म्हणाले, "पुढल्या वर्षी बी असाच दगड काढावा लागतो का तिला?"

"मला न्हाई माहीत, मामंजी."

"इचारून ठेव. लागत असला तर त्या थोरल्या आत्याला आधी सांगून ठेवावं लागल, शेंदूर लावू नको म्हणून."