भाऊबीजेला घेतलेली सही

कॅनडातल्या वॉटर्लूमधल्या एका जुन्या वस्तीत आमची बारा घरांची रांग आहे, एकाला एक लागून. घरं आमची, पण खालची जमीन एका संस्थेची. ती आम्हाला लीजवर दिलेली आहे. मी घर घेतलं तेव्हा लीजची बरीच वर्षं बाकी होती, त्यामुळे मी त्याचा फार विचार केला नव्हता. गेल्या वर्षी मॉर्गेज रिन्यू करायला बँकेत गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की लीजची अठ्ठावीसच वर्षं उरली आहेत, पुढे हे घर घेणाऱ्याला कर्ज मिळणं अवघड जाईल. म्हणजे विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळणार नाही.

संस्थेकडे चौकशी केली. लीज चाळीस वर्षांनी वाढवून मिळत होती. बाराही घरांनी एकदम अर्ज केला तर रक्कम पाचव्या हिश्श्याने कमी, नाहीतर ज्याने त्याने आपापलं पूर्ण दराने भरायचं. रांगेत हिशेबाची कामं माझ्याकडेच असतात, त्यामुळे संमतिपत्रं गोळा करण्याचं कामही माझ्याकडे आलं. अकरा जणांनी पटापट सह्या केल्या. राहिल्या त्या सातव्या घरातल्या ताई.

ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्या आणि त्यांचे यजमान युनिव्हर्सिटीत शिकवायचे. यजमान गेले, मूलबाळ नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा मी त्यांना काकू म्हणालो, तर म्हणाल्या, "काकू म्हणणारे गावभर आहेत. तू ताई म्हण. इथे मला भाऊ नाही." तेव्हापासून दर दिवाळीत त्या मला ओवाळतात. कॅलेंडरात भाऊबीज कोणत्याही वारी असली तरी आम्ही ती शनिवारी करतो, कारण इतर दिवशी मला ऑफिस असतं.

त्यांचा टॅक्स रिटर्न मीच भरतो. त्यामुळे त्यांच्याकडे किती आहे ते मला डॉलरपर्यंत ठाऊक होतं, आणि लीजपोटी त्यातला तिसरा हिस्सा जाणार हेही. ते पैसे कशासाठी ठेवलेत तेही त्यांनी मला सांगितलं होतं. हातपाय चालेनासे झाले की घरीच बाई ठेवायची, वृद्धाश्रमात जायचं नाही. यजमानांचे शेवटचे महिने तसल्या ठिकाणी गेले होते.

हे सगळं माहीत असून मी एक कागद तयार केला. लीज वाढल्यावर घराची किंमत किती वाढेल ते त्यावर मांडलं. आकडा भरलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त येत होता. हिशेबात चूक नव्हती. मी दोनदा तपासला होता.

भाऊबीजेच्या शनिवारी मी एकटाच गेलो. बायको मुलीला आणायला बस टर्मिनलवर गेली होती. ताईंनी पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. मी तबकात पाकीट ठेवलं. मग चकली खाता खाता कोटाच्या खिशातून तो हिशेबाचा कागद आणि संमतिपत्र काढलं.

"हे काय रे?"

"लीजचं, ताई. बाकी सगळ्यांच्या झाल्यात. तुमचीच राहिली आहे."

त्यांनी चष्मा लावून माझा कागद वाचला. "म्हणजे घर महाग होणार."

"दुपटीहून जास्त परत."

"घर विकलं की."

"हो, विकलं की."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "सगळ्यांचं अडतंय का माझ्यामुळे?"

मी नाही म्हणालो नाही. त्यांनी सही केली आणि विचारलं, "चहा टाकू ना?"

घरी आलो तर बायको आणि मुलगी परतल्या होत्या. मी खुशीत कागद दाखवला. बायकोने कागदाकडे पाहिलं, मग माझ्या कपाळावरच्या टिळ्याकडे.

"अहो, आज? भाऊबीजेला बहिणीकडून घेऊन आलात?"

"घेऊन काय? त्यांचाच फायदा आहे त्यात."

"घर विकल्यावर ना? मग त्या राहणार कुठे?"

मुलगी म्हणाली, "बाबा, शी कुडंट से नो टु यू." आणि वर निघून गेली.

खरं तर मी दिवस मुद्दाम निवडला नव्हता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खरं नाही. त्या दिवशी त्या मला नाही म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं. घराची किंमत कितीही वाढो, ती हातात यायची तर आधी घर सोडायला हवं, आणि त्यांना तर तेच करायचं नव्हतं. माझ्या कागदावर एवढं एक सोडून सगळं होतं.

संमतिपत्रं अजून माझ्याकडेच होती. पाठवायची मुदत संपत आली तेव्हा मी ताईंचं घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "ताई, हे मी अजून दिलेलं नाही. तुमच्या बाईच्या पैशातून जाईल हे. नको असेल तर सांगा, मनात काही आणू नका."

त्या "असू दे रे" म्हणतील अशी माझी खात्री होती. विचारल्याचं समाधान मिळेल आणि सवलतही टिकेल, असा हिशेब मी दारात उभा असतानाच करून ठेवला होता.

"बरं झालं आलास," ताई म्हणाल्या. "झोप लागत नव्हती मला. दे इकडे." त्यांनी कागद घेतला, दोन तुकडे केले आणि ग्रोसरीच्या जाहिरातींबरोबर रद्दीच्या निळ्या डब्यात टाकले. माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा. "तुझं नुकसान झालं का रे फार?"

"नाही, तसं काही नाही," मी म्हणालो.

बाकीच्यांना मी ईमेल केला: सात नंबरने संमती मागे घेतली आहे, तेव्हा आता सवलत मिळणार नाही. वाक्यात खोटं काही नव्हतं, पण त्यात मी कुठेच नव्हतो. शेजारचे पंजाबी गृहस्थ दारातच भेटले. "आंटी को अचानक क्या हो गया? साइन तो कर दिया था!" मी खांदे उडवले.

मग बर्फ सुरू झाला. हे शेजारी दर हिवाळ्यात बर्फ उडवणारं स्नोब्लोअर मशीन काढतात आणि स्वतःचा, माझा आणि ताईंचा ड्राइव्हवे एका दमात साफ करतात. या वेळी मशीन माझ्या ड्राइव्हवेच्या ताईंकडच्या कडेपर्यंत आलं आणि तिथूनच वळलं. दुसऱ्या बर्फालाही तेच. ताईंचं मी फावड्याने शोव्हल केलं. त्यांनी खिडकीतून विचारलं, "त्यांचं मशीन बिघडलंय का?" मी हो म्हणालो.

तिसऱ्या वेळी मी बाहेर जाऊन हात वर केला. त्यांनी मशीन बंद केलं. मी सगळं सांगितलं. सही सणाच्या दिवशी घेतली होती, ताईंचे पैसे कशासाठी आहेत ते मला माहीत होतं, आणि कागद परत करायला मीच गेलो होतो.

त्यांनी विचारलं, "राखी जैसा दिन था?"

"वैसा ही."

"और हम सब आंटी को बुरा बोलते रहे. आपने बोलने दिया?"

"हाँ."

त्यांनी मशीन सुरू केलं, माझ्या ड्राइव्हवेला वळसा घालून सरळ ताईंच्या दाराशी नेलं आणि पायरीपर्यंत साफ केलं. मग तसेच रस्त्याने परत गेले. माझ्या दारातला बर्फ तसाच होता.

मी फावडं घेतलं. तेवढ्यात ताईंनी दार उघडून हाक मारली, "अरे, चहाला येतोस का?" मी म्हणालो, आधी हे उरकतो. उरकलं, आणि गेलो नाही.