झेर्बोचा मधला तुकडा

तिसा नदीकाठच्या त्या गावात अंब्रुश न्हाव्यापुढे भल्याभल्यांच्या माना वाकायच्या, पण घरी बायकोपुढे, विल्मापुढे, त्याची स्वतःची मान कधी वर व्हायची नाही.

नाताळला विल्मा झेर्बो करायची. खमिराच्या पिठाचे थर, मध्ये जर्दाळूचा मुरंबा नि अक्रोडाचा कूट, वर चॉकलेट. तो चांगला मुरला की ती चारी कडा कापून काढायची. कडा घरच्यांना, मधले चौकोन पाहुण्यांना, रीतच तशी. लग्नाला तीसेक वर्षं झाली, पण अंब्रुशने मधला तुकडा चाखला नव्हता.

"एकच दे की," तो दरवर्षी मागायचा.

"तुम्ही काय पाहुणे आहात?"

त्या वर्षी त्याच्या डोक्यात किडा वळवळला. सणाच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरीणबाई येऊन बसल्या, तसा पठ्ठ्या मागच्या दाराने सटकला आणि कोट-हॅट चढवून पुढच्या दारी हजर झाला.

"सणाच्या शुभेच्छा, बाई," हॅट काढून तो विल्माला म्हणाला. "मालक आहेत का घरात?"

"बाहेर उंडारायला गेलेत."

"बरं झालं. मी तुम्हालाच भेटायला आलोय."

आतून पोस्टमास्तरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "अगं विल्मा, आल्या माणसाला दारात काय उभं करतेस?"

आता पाहुण्याला परत पाठवलं तर गावभर शोभा. विल्माने दातओठ खात त्याला आत घेतलं आणि सोनेरी काठाच्या बशीत मधला तुकडा वाढला.

अंब्रुशने डोळे मिटून घास घेतला. मऊ, गोड, देखणा आणि साफ मिळमिळीत! कडेचा मुरंबा ओघळून ट्रेला लागतो, खरपूस नि चिवट होतो; ती मजा यात कुठली? त्याचा चांगलाच हिरमोड झाला. बाई जायला उठल्या, तसा त्यांच्याबरोबर तोही रीतसर निरोप घेऊन बाहेर पडला आणि वळसा घालून थेट स्वयंपाकघरात शिरला.

विल्मा स्टुलावर बसली होती. मांडीवर रिकामा वाडगा, हातात शेवटची कड.

"माझ्या कडा?"

"खाल्ल्या." तिने तीही तोंडात टाकली आणि सावकाश चावली. "लहानपणापासून जीव आहे माझा यांच्यावर. पण तुम्ही इतक्या आवडीने खायचात, मग मी कशाला हात लावू?"